शेजारच्या गराजमधली जीटीओ

शेजारचे आजोबा गेल्या ऑक्टोबरात गेले आणि त्यांची नारिंगी पॉन्टियॅक जीटीओ गराजमध्ये कव्हराखाली तशीच उभी राहिली. मार्चमध्ये बर्फ वितळायला लागलं तेव्हा आजींनी मला बोलावून घेतलं. जेवणाच्या टेबलावर त्यांनी तीन कागद मांडले होते. पहिल्यावर पुतण्याचा आकडा होता : पंधरा हजार डॉलर रोख, उद्याच गाडी घेऊन जातो. दुसऱ्यावर एका दलालाचा : नुसते फोटो बघून पंच्याण्णव हजार, गाडी विकेपर्यंत त्याच्याकडे ठेवायची, कमिशन दहा टक्के. तिसरं पत्र वकिलाचं. वारसाच्या कामासाठी, आजोबा गेले त्या दिवशीची गाडीची रास्त बाजारकिंमत लेखी हवी, असं त्यात होतं.

"तू गाड्यांतला माणूस आहेस," आजी म्हणाल्या, "यातलं कुठलं खरं?"

मी त्यांना नावानंच हाक मारतो, इकडे तशीच रीत आहे. पण लिहायला बसलं की आजीच येतं. डेट्रॉइटजवळच्या रॉयल ओकमध्ये आमची घरं एका कुंपणाला आहेत. मी मूळचा चिंचवडचा, वडील टेल्कोत फिटर होते, आणि गेली एकोणीस वर्षं मी इथे गाड्यांच्या सस्पेन्शनचं काम करतो. इथे आलो त्या पहिल्याच उन्हाळ्यात आजोबांनी मला या जीटीओच्या बॉनेटखाली वाकायला लावलं. ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी वुडवर्ड अॅव्हेन्यूवर जुन्या गाड्यांची जत्रा भरते, १९९५ पासून चालू आहे ती. दर वर्षी मी त्यांच्या शेजारी बसून फर्नडेलपासून पॉन्टियॅक गावापर्यंत जायचो. गाडी मला पुरती ओळखीची आहे असं मी धरून चाललो होतो. भाव ठरवायला बसलो तेव्हा कळलं की तिच्याबद्दल मला जे ठाऊक होतं ते सगळं ऐकलेलं होतं, तपासलेलं काहीच नव्हतं.

अमेरिकेत 'मसल कार' म्हणतात ते घराणं, म्हणजे मध्यम गाडीत मोठं दणकट इंजिन, खऱ्या अर्थानं या जीटीओपासून सुरू होतं. जनरल मोटर्सचा तेव्हा नियम होता की मध्यम आकाराच्या गाडीत ३३० घन इंचापेक्षा मोठं इंजिन घालायचं नाही. तिच्याच पॉन्टियॅक विभागातल्या इंजिनिअरांनी, त्यात जॉन डिलोरियन पुढे, १९६४ साली टेम्पेस्ट लमान्स गाडीत ३८९ घन इंचाचं इंजिन घातलं आणि ते वेगळं मॉडेल न म्हणता २९५ डॉलरचा जादा पर्याय म्हणून विकलं. नियम नव्या मॉडेलला लागू होता, पर्यायाला नव्हता. मग सगळ्याच कंपन्या या शर्यतीत उतरल्या. १९६९ सालासाठी पॉन्टियॅकनं जीटीओची आणखी भडक आवृत्ती काढली, 'द जज'. तेव्हाच्या टीव्हीवरच्या एका विनोदी कार्यक्रमातलं वाक्य लोकांच्या तोंडी होतं, त्यावरून हे नाव. रामएअर थ्री नावाचं ३६६ अश्वशक्तीचं इंजिन, डिकीवर रुंद स्पॉयलर, बाजूला रंगीत पट्टे, आणि सुरुवातीच्या गाड्यांना कॅरोसेल रेड हा एकच रंग, जो नावाला लाल आणि दिसायला नारिंगी. त्या वर्षी एकूण ७२,२८७ जीटीओ निघाल्या. त्यांतल्या जज फक्त ६,८३३.

आजोबांची गाडी १९६९ची, नारिंगी, पट्टे, स्पॉयलर, ग्लोव्ह बॉक्सवर 'द जज'. १९८६ साली त्यांनी ती कारखान्यातल्या एका सहकाऱ्याकडून अशीच घेतली होती. गल्लीतली पोरं तिला जजच म्हणत. दलालाचे पंच्याण्णव हजार या एका शब्दावर उभे होते.

पेच असा की जीटीओ आहे की नाही हे १९६६ ते १९७१ या गाड्यांच्या चासी नंबरवरूनच कळतं, पण जज आहे की नाही ते त्यात कुठेच नसतं. नंबर २४२नं सुरू झाला की जीटीओ. पुढचे ३७ म्हणजे दोन दारांची हार्डटॉप, ९ म्हणजे १९६९, आणि 'पी' म्हणजे पॉन्टियॅक गावातला कारखाना. आमच्या गाडीच्या काचेतून दिसणारी पट्टी २४२३७९पी अशी होती, म्हणजे इथवर चोख. जज मात्र जादा पर्याय होता, सव्वातीनशे डॉलरच्या थोडा वरचा. स्पॉयलर आणि पट्टे आज नवे बनवून मिळतात. म्हणून साध्या जीटीओला जज करणं हा चाळीस वर्षं चालत आलेला धंदा आहे आणि भावातला फरक जवळजवळ दुपटीचा. कागद हातात आल्याशिवाय जजचा भाव उच्चारायचाच नाही, हे मला एव्हाना पटलं होतं.

बॉनेट उघडून मागच्या पत्र्यावरची छोटी पाटी पुसली. तिच्यावर बॉडीचा नंबर, बांधणीचा आठवडा आणि मूळ रंगाचा कोड असतो. आठवडा '०४बी', म्हणजे एप्रिलचा दुसरा. रंगाचा कोड मी तीनदा वाचला, कारण तो नारिंगीचा नव्हता. तो मिडनाइट ग्रीनचा होता, गडद हिरवा. दाराच्या चौकटीवरचं रबर बोटानं जरासं बाजूला केलं, तर आत पत्र्याच्या घडीत हिरवी रेघ दिसली. डिकीच्या झाकणाखाली आडवा होऊन टॉर्च मारला. स्पॉयलरच्या बोल्टांची भोकं एकसारखी नव्हती, दोन तर ड्रिल सरकल्यासारखी लांबट झालेली, आणि कडांना गंज लागलेला. कारखान्यात भोकं अशी पडत नाहीत. तिथे पालथा पडून मी थोडा वेळ तसाच राहिलो. आजी स्वयंपाकघरातून विचारत होत्या, कॉफी टाकू का.

मग पीएचएस, म्हणजे पॉन्टियॅक हिस्टॉरिक सर्व्हिसेसकडे चासी नंबर आणि शंभरेक डॉलर पाठवले. पॉन्टियॅक ही कंपनीच आता राहिली नाही, जनरल मोटर्सनं २००९ साली ती बंद करायचं जाहीर केलं आणि २०१०मध्ये तिचं नाव संपलं. पण तिच्या जुन्या बिलांच्या नोंदी यांच्याकडे जपलेल्या आहेत : गाडी कोणत्या डीलरला गेली, कोणते पर्याय घातले, प्रत्येकाचे किती पैसे लावले. जुन्या गाडीसाठी यापेक्षा मोलाचा कागद नाही. फोर्डवाल्यांना १९६७ पासूनच्या गाड्यांची अशीच माहिती मार्टी रिपोर्टमधून मिळते. शेव्हरोलेच्या अमेरिकेत विकलेल्या गाड्यांचं मात्र असं दफ्तर नाही. तिथे पेट्रोलच्या टाकीवर किंवा सीटच्या स्प्रिंगांत अडकून राहिलेला कारखान्यातला कागद सापडला तर नशीब.

काही दिवसांत उत्तर आलं. जीटीओ, चार गिअर, सेफ-टी-ट्रॅक डिफरन्शियल, रंग मिडनाइट ग्रीन. जजची ओळ नव्हती.

आता इंजिन. हेच खरं वजनाचं काम, कारण साध्या जीटीओचाही भाव इंजिन मूळचं आहे की नाही यावर हजारोंनी हलतो. सरकारी नियमामुळे १९६८ पासून इंजिनावर चासी नंबरचा शेवटचा भाग ठोकलेला असतो. पॉन्टियॅकच्या इंजिनात तो समोर, उजव्या बाजूला टायमिंग कव्हराशेजारी, आणि तिथेच हेडच्या खाली दोन अक्षरांचा इंजिनकोड. ती जागा पन्नास वर्षांच्या तेलाच्या किटणानं भरलेली. ब्रेक क्लीनर मारून जुन्या टूथब्रशनं घासलं, तरी आकडे धड वाचता येईनात. इंजिनाचा निळा रंग काही ठिकाणी दोन थरांचा होता.

तेव्हा वडिलांची आठवण झाली. पिंपरी-चिंचवडचं आरटीओ निघायच्या आधीपासून आमच्याकडे जुन्या स्कूटरींची खरेदी-विक्री चालायची. गाडी नावावर करायची तर चासी नंबरचा ठसा लागतो. एजंट नंबरवर पेन्सिल घासतो, वर चिकटपट्टी दाबतो आणि आकडे उमटलेली पट्टी फॉर्मवर डकवतो. वडील मात्र ती पट्टी डकवण्याआधी उन्हाकडे धरून बघायचे. "नंबर वाचू नको, नंबरच्या मधली जागा वाच," म्हणायचे. मधली जागा म्हणजे धातूचा पोत. कारखान्यात यंत्रावर सपाट केलेल्या जागेवर बारीक समांतर रेघा राहतात. कुणी ग्राइंडर फिरवून जुना नंबर उडवला असेल तर त्या रेघा गोलाकार होतात किंवा नाहीशाच होतात, आणि नवा नंबर गुळगुळीत जागेवर बसतो.

मुलाच्या कंपासमधली मऊ पेन्सिल आणि रुंद पारदर्शक पट्टी घेऊन आलो. तीन ठसे बिघडले. चौथा स्वच्छ आला. खिडकीशी नेऊन धरला. आधी '२९पी', म्हणजे पॉन्टियॅक विभाग, साल, कारखाना, आणि मागे सहा आकडे. एकेक करत काचेखालच्या पट्टीशी जुळवले; साही जुळले. पाच आणि आठ जरा तिरके पडले होते, हातानं ठोकताना पडतात तसे. दुसऱ्या पट्टीवर इंजिनकोड आला, 'डब्ल्यूटी', आणि त्या अक्षरांच्या आरपार बारीक रेघा सरळ, एका दिशेनं, न मोडता गेल्या होत्या. मला इतका आनंद झाला की मी ती पट्टी आजींना दाखवायला धावलो, आणि त्यांना त्यात राखाडी धुरकट डागाशिवाय काही दिसेना.

'डब्ल्यूटी' म्हणजे ४०० घन इंच, आपल्या हिशेबानं साडेसहा लिटर, ३५० अश्वशक्ती, हाताच्या गिअरची गाडी. रामएअर थ्री असतं तर 'डब्ल्यूएस' निघालं असतं. मागे डिस्ट्रिब्युटरजवळ ओतकामाची तारीख होती, 'सी १९ ९', म्हणजे १९ मार्च १९६९. गाडी एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यातली. ब्लॉक ओतला, इंजिन बांधलं, गाडीत बसवलं, तीन-साडेतीन आठवडे. क्रम बरोबर लागतो. ब्लॉकची तारीख गाडीच्या नंतरची निघाली असती तर सगळंच कोसळलं असतं. सगळे पुरावे एकच गोष्ट सांगत होते : ही जज नव्हती, पण जन्मापासून स्वतःच्या इंजिनासह राहिलेली चार गिअरची अस्सल जीटीओ होती.

पत्र्याचं काम मी लवकर उरकलं, कारण मिशिगनमध्ये काय निघणार हे ठरलेलं असतं. हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात आणि ते मागच्या चाकाच्या पाठीमागे, डिकीच्या तळाला आणि मागच्या काचेच्या खालच्या खाचेत बसतं. रंगाची जाडी मोजायचं यंत्र कारखान्यातून मागून आणलं. छपरावर आणि दारांवर २५० मायक्रॉनच्या आसपास, म्हणजे पुन्हा रंगवलेलं पण खाली पत्रा. डाव्या मागच्या बाजूला चाकामागे यंत्रानं थेट हजाराच्या वर उडी मारली. तिथे लोहचुंबकही धरेना. लांबी, म्हणजे पुट्टी, भरलेली, तळहाताएवढी. चासी मात्र आत स्क्रू ड्रायव्हर टोचून बघितली तरी टणक. आजोबा तिला पावसातही बाहेर काढत नसत.

हे सगळं आजींना सांगायचं माझ्या जिवावर आलं होतं. अडतीस वर्षं गल्लीनं जज म्हटलेली गाडी जज नाही, हे त्या माणसाच्या पश्चात त्याच्या घरात बसून मी सांगायचं. दोन दिवस टाळलं. शेवटी पीएचएसचा कागद पुढे ठेवला आणि ओळीओळीनं वाचून दाखवला. त्या गप्प बसल्या, मग उठून आतल्या खोलीतून एक फाइल घेऊन आल्या. गाडीच्या विम्याची पॉलिसी. जुन्या गाड्यांचा विमा 'ठरलेल्या किमतीचा' असतो. गाडी गेली तर किती द्यायचे हे आधीच दोघांत ठरतं, साध्या गाडीसारखी घट धरत नाहीत. आजोबांच्या पॉलिसीत गाडीचं वर्णन होतं, '१९६९ पॉन्टियॅक जीटीओ, दोन दारी'. ठरलेली किंमत ३८,००० डॉलर. जज शब्द नव्हता. आदल्या वर्षांच्या पॉलिसी काढल्या, त्यातही नव्हता.

"तो कधीच म्हणाला नाही," आजी म्हणाल्या. "लोक म्हणायचे. तो फक्त हसायचा."

आजोबांना ठाऊक होतं. आणि विमा कंपनीपुढे त्यांनी एक डॉलरही फुगवून लिहिला नव्हता.

किंमत हा शब्द एक असला तरी वकिलाला, विम्याला आणि गिऱ्हाइकाला वेगवेगळा आकडा लागतो, आणि लोक इथेच फसतात. विम्याची किंमत म्हणजे तशीच गाडी उद्या शोधून आणायला लागेल तो खर्च, ती वरची असते. दलाल स्वतः विकत घेतो तेव्हाची किंमत खालची, कारण त्याला त्यावर कमवायचं असतं. वारसाच्या कामात लागते ती रास्त बाजारकिंमत : घेणारा राजी, देणारा राजी, कुणावर जबरदस्ती नाही, दोघांनाही वस्तूची पुरती माहिती. यातलं शेवटचं कलम मला फार महत्त्वाचं वाटतं. पुतण्याच्या पंधरा हजारात आजींना माहिती नव्हती आणि दलालाच्या पंच्याण्णव हजारात पुढच्या गिऱ्हाइकाला माहिती नसणार होती.

मग तुलनेच्या गाड्या. दीड वर्षातल्या विक्रीच्या नोंदी काढल्या. मागितलेल्या किमती मी बाजूलाच ठेवल्या, मागायला कुणाचं काय जातं. लिलावाचे आकडे धरताना दोन गोष्टी बघितल्या. एक, हातोडा पडला तो आकडा आहे की गिऱ्हाइकाचं दहा टक्के शुल्क धरून आहे. दोन, गाडी खरोखर विकली गेली का; राखीव किंमत गाठली नाही तर बोली तिथेच थांबते, आणि तो आकडा भाव म्हणून पुढे सांगितला जातो. मोठ्या लिलावांच्या बातम्यांनी तर डोळे दिपतात. २०१४ साली सिएटलमध्ये मीकमच्या लिलावात १९७१ची एक उघड्या टपाची हेमी कुडा पस्तीस लाख डॉलरला गेली. पण तशा गाड्या मुळात डझनभराच्या आसपासच बनल्या होत्या. तिच्यावरून आमच्या जीटीओला काही शिकण्यासारखं नव्हतं.

चौदा विक्री सापडल्या. ऑटोमॅटिक गिअरच्या काढल्या, इंजिन बदललेल्या काढल्या, एक उघड्या टपाची होती ती काढली. पाच उरल्या, छत्तीस हजारांपासून अठ्ठेचाळीस हजारांपर्यंत. अठ्ठेचाळीसची गाडी मूळ रंगात होती आणि पत्रा कोरा. छत्तीसचीचं इंजिन मूळचं नव्हतं असा मला दाट संशय होता, फोटोत ठोकलेला नंबर धड दाखवलाच नव्हता. हॅगर्टीच्या भावपुस्तकात गाड्यांचे चार दर्जे असतात, प्रदर्शनातल्या निर्दोष गाडीपासून रोजच्या वापराच्या गाडीपर्यंत. आमची तिसरी, म्हणजे चांगली, चालती, जवळून बघितलं तर दोष दिसणारी. बदललेला रंग आणि ती लांबी यांचे पैसे वजा केले. इथे एक चूक मी आधी केली होती : पुन्हा हिरवा रंग द्यायचा पूर्ण खर्च वजा केला, तर गाडी तीस हजारांच्याही खाली गेली. गिऱ्हाईक तसा हिशेब करत नाही. चालू, देखणी नारिंगी गाडी तो काही वर्षं तशीच चालवतो.

माझा आकडा एकेचाळीस हजार आला. पण मी प्रमाणपत्रधारक मूल्यांकक नाही, आणि वकिलाला सही त्याचीच हवी होती. जे गृहस्थ आले त्यांनी साडेचारशे डॉलर घेतले आणि गाडीभोवती तीन तास फिरले. माझा ठसा त्यांनी भिंगाखाली बघितला, स्वतः इंजिनावर टॉर्च मारून पुन्हा पडताळला आणि ती पट्टी अहवालाला जोडायला मागितली. त्यांच्या अहवालात ऑक्टोबरातली किंमत चाळीस हजार पाचशे होती. बाजाराबद्दल त्यांनी एक गोष्ट समजावली. या गाड्यांचे भाव २००६-०७ साली कळसाला गेले, २००८ नंतर कोसळले, २०२१-२२मध्ये पुन्हा चढले आणि आता उतरतायत. १९६९ साली ज्यांना ही गाडी परवडत नव्हती त्या पोरांनी पन्नाशीत ती विकत घेतली, म्हणून भाव चढले. ती पोरं आता पंच्याहत्तरीत आहेत आणि गाड्या विकतायत. विकायची असेल तर फार थांबू नका, असं त्यांनी आजींना हळूच सांगितलं.

जाहिरातीत आम्ही पहिल्याच ओळीत लिहिलं : जज नाही, जजचे पट्टे नंतर लावलेले. खाली पीएचएसचा कागद, ठशाचा फोटो आणि लांबी भरलेल्या जागेचा जवळून काढलेला फोटो. मुलानं विचारलं, दोष कशाला दाखवायचा. पण त्या ओळीमुळेच फालतू फोन आले नाहीत. जूनच्या पहिल्या आठवड्यात ओहायोहून एक निवृत्त शाळामास्तर आले, टॉर्च घेऊन. नमस्कार-चमत्कार होताच सरळ टायमिंग कव्हराशी वाकले. मग उठून म्हणाले, लांबीचा फोटो टाकणारा माणूस पहिल्यांदा बघतोय. त्यांनी चाळीस म्हटलं, आजींनी पंचेचाळीस, आणि बेचाळीस हजार पाचशेवर हात मिळाले. हजाराचा इसार दिला आणि चार दिवसांनी बँकेचा चेक घेऊन ट्रेलरसह आले.

गाडी ते पुन्हा हिरवी करणार आहेत. ट्रेलरवर चढवण्याआधी त्यांनी विचारलं, हा स्पॉयलर मला लागणार नाही, तुम्हाला ठेवायचाय का. आजींनी मान हलवली. मी पाना आणून चारही बोल्ट काढले. आता तो त्यांच्या गराजच्या भिंतीवर, गवत कापायच्या यंत्राच्या वर, दोन हुकांवर टांगलाय.